पुडी क्रमांक सात

"सर, सातच्या पुडीत कॅल्शियम नाहीये. स्ट्रॉन्शियम आहे," असं ती मुलगी परीक्षकांना म्हणाली तेव्हा मी तिच्या मागे, हातभर अंतरावर, ओल्या फडक्यानं टेबल पुसत होते. परीक्षकांची तिच्या उत्तरावर लाल फुली मारून झाली होती आणि ते पुढचा कागद ओढत होते. ते दुसऱ्या गावच्या कॉलेजातून आले होते, निवृत्तीला टेकलेले, सकाळपासून बारा मुलांची तोंडी परीक्षा घेऊन घसा बसलेले. "दोन्ही लालच दिसतात, बाळ," ते म्हणाले. "नेहमीची गल्लत आहे." मुलगी हलली नाही. "गल्लत नाही सर. कॅल्शियमचा लाल वीटकरी असतो. त्याच्या पोटात पिवळा असतो. याच्या पोटात निळा आहे." परीक्षकांनी मान वर केली. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?" "पुस्तकात नाही सर. बाई सांगतात." "पण उत्तरसूचीत कॅल्शियम आहे." "सूचीत असेल," मुलगी म्हणाली, "पुडीत नाही." मागच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. "शंकासूर पेटला," अशी कुजबुज झाली. वर्गात तिला शंकासूर म्हणतात, आणि ते नाव तिनं पहिल्या आठवड्यातच कमावलं आहे. परीक्षकांनी चष्मा काढला, कपाळ दाबलं आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, सूची तुम्हीच केलीत ना? पुड्याही तुम्हीच बांधल्यात. मग तुम्हीच सांगा. सातमध्ये काय आहे?"

दारावरच्या घड्याळानं मोजलं तर मी उत्तराला मिनिटसुद्धा घेतलं नसेल. पण माझा अंगठा आणि तर्जनी त्याआधीच एकमेकांवर घासू लागले होते. बोटांना आठवलं होतं. आमच्याकडची पद्धत अशी आहे, की परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पांढऱ्या कागदाच्या पुड्या बांधते, प्रत्येकीत चिमूटभर पांढरी पूड, बाहेर नुसता आकडा. आत कोणता क्षार आहे हे विद्यार्थ्यानं ओळखायचं: ज्योतीत धरून, आम्लात विरघळवून, एकेक रसायन घालून. खरं उत्तर फक्त माझ्या सूचीत, आणि सूचीची एक प्रत परीक्षकांकडे. सात म्हणजे कॅल्शियम नायट्रेट, गेली नऊ वर्षं. हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. दरवर्षी सातच्या पुड्या ओलसर होतात, कागद पारदर्शक होऊन बोटांना चिकटतो, मला त्या शेवटी बांधून बरणीत झाकून ठेवाव्या लागतात. काल सातची पूड वाळूसारखी कोरडी होती. चमच्यावरून सुळकन घसरत होती. मी खूश झाले होते. जाता जाता विभागप्रमुखांना म्हणालेसुद्धा, "यंदा सात नंबरनं त्रास दिला नाही सर." तीस वर्षं बाटल्या हाताळलेल्या बाईनं म्हणावं असं ते वाक्य नव्हतं. कोरडं कॅल्शियम नायट्रेट मला समोर दिसत होतं, हाताला लागत होतं, आणि मी त्याचा अर्थ "सोय" असा लावला.

पण परीक्षकांच्या प्रश्नासमोर उभी असताना मला आधी भीती वाटली नाही. हे नीट सांगायला हवं, कारण नंतर मी पुष्कळदा त्या क्षणाचा क्रम तपासला आहे. आधी आला तो आनंद. छातीत काहीतरी फुगून वर आलं, इतकं की मला टेबलाची कड धरावी लागली. तिला लाल ओळखता येतो, एवढंच डोक्यात होतं. तिला कुठला लाल ते कळतं. भीती त्याच्या मागून आली, दोन पावलं उशिरा, धापा टाकत.

लालाचं पोट हा शब्द माझ्या वडिलांचा. ते रंगाच्या कारखान्यात होते, बावीस वर्षं, कापड बुडवायच्या खात्यात. त्यांची नखं कधीच नखांच्या रंगाची नसायची, आणि आई म्हणायची की हे हरवले तर शोधायला सोपे आहेत, बोटं दाखवली की झालं. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तो कारखाना बंद पडला. एकटा तो नाही, त्या रस्त्यावरचे बहुतेक सगळेच. सकाळच्या भोंग्यांनी उठणारं गाव भोंगे नसल्यामुळे उशिरापर्यंत जागं व्हायचं नाही. कॉलेजात आधी गॅस गेला. नळी होती, बर्नर होता, पण तोटी फिरवली की फुस्स आवाजही येईना. मग आमच्या सरांनी (चांगले होते, शिकवायचे मनापासून) फळ्यावर लिहायला सुरुवात केली: ज्योतीचा रंग, किरमिजी. अनुमान, स्ट्रॉन्शियम. आम्ही ते वहीत उतरवायचो, वर तारीख घालायचो, बाजूला समास आखायचो. अक्षर सुंदर होतं माझं. परीक्षेत पुड्या मिळाल्या, त्या आम्ही हातात धरल्या, वास घेतला, बाजूला ठेवल्या आणि पाठ असलेलं लिहिलं. मला पन्नासपैकी पन्नास पडले. वडील त्या दिवसांत दुपारी घरी असायचे, हेच मुळात विचित्र होतं, दुपारच्या उजेडात त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहणं. त्यांनी माझी वही मागून घेतली. त्यांना वाचायला वेळ लागायचा. "किरमिजी," ते म्हणाले. "म्हणजे कुठला गं? पोटात निळा असलेला लाल, की पिवळा असलेला?" मी म्हणाले, "लाल म्हणजे लाल, बाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वही मिटून म्हणाले, "बघितलं नाहीस होय," आणि वही परत दिली, दोन्ही हातांनी, एखादी ठिसूळ वस्तू द्यावी तशी.

ते पन्नास गुण मला आयुष्यभर टोचले. कुणाला सांगायची सोय नव्हती. चोरी केली म्हणावी तर सगळ्यांनीच केली होती आणि सरांनीच शिकवली होती. पुढे शिकायचं राहिलं, ही नोकरी मिळाली, प्रयोगशाळा सहायक, वर्षावर्षाच्या पत्रावर. चौतिसाव्या वर्षी एका दुपारी, मुलं सुट्टीवर असताना, बर्नर तपासायचे म्हणून मी स्ट्रॉन्शियमच्या बाटलीत तार बुडवली आणि ज्योतीत धरली. तो रंग मला अजून सांगता येत नाही, म्हणजे वहीत लिहिण्यासारखा सांगता येत नाही. ज्योत आतून जखमेसारखी उघडली. आणि त्या लालाच्या पोटात खरोखर निळा होता. मी स्टुलावर बसले आणि ती तार पुन्हा पुन्हा बुडवत राहिले, मुठीएवढा क्षार संपवला असेल. घरी सांगण्यासारखं होतं, पण ज्यांना सांगायचं ते सहा वर्षांपूर्वीच गेले होते. मग मी ते वर्गाला सांगायला लागले. प्राध्यापक समीकरणं शिकवून गेले की मी मुलांना ज्योतीभोवती उभं करायचे आणि विचारायचे, पोटात काय आहे? पहिल्या पहिल्या बॅचेस हसायच्या.

आता ही दुसरी मंदी. पहिली आली तेव्हा मी बाकावर होते, हिच्या वेळी कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, एवढा फरक. तीन वर्षांपूर्वी रसायनांची मागणी अर्ध्यावर आली, मग पावावर, मग "असेल त्यात भागवा" असा शेरा आला. गॅस पुन्हा गेला. ग्रंथालय दिवसाला दोन तास उघडतं, कारण ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि कार्यालयातला एक कारकून किल्ली घेऊन येतो. मोठे संदर्भग्रंथ काचेच्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही. पाठीवरची नावं काचेतून वाचता येतात. मुलं वाचतात तशी, मान तिरकी करून. मी माझ्या बाजूनं काय करता येईल ते केलं. शाईच्या दौतींचे दिवे केले, झाकणाला भोक पाडून वात. जळालेल्या हीटरची तार सोडवून तिचे वीतभर तुकडे केले, ज्योतीत धरायला तीच लागते. औषधाची एक गर्द निळी बाटली फुटली होती, तिच्या काचा घासून कडा बोथट केल्या. त्या काचेतून पाहिलं की ज्योतीतला पिवळा गिळला जातो आणि बाकीचा रंग उरतो. आणि परीक्षानळ्या बंद केल्या. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर एक थेंब द्रावणाचा, त्यावर एक थेंब रसायनाचा, काय होतं ते भिंग धरून बघायचं. नळीत जिथं पाच मिलिलिटर लागायचं तिथं दोन थेंबांत काम. एका वर्षाची बाटली मी तीन वर्षं पुरवली. मुलांनी माझं नाव थेंबबाई ठेवलं. "बाई, तुम्ही चहा पण ड्रॉपरनं पिता का हो?" असं एकानं विचारलं होतं, आणि मी म्हणाले, "पिते, आणि तुझ्यापेक्षा जास्त चव लागते." विभागप्रमुख मात्र कंटाळले होते. ते वाईट नाहीत. त्यांना वरून रोज काहीतरी बंद करायला सांगतात. "पुढच्या वर्षापासून सगळं पडद्यावर दाखवू बाई," ते म्हणायचे. "तयार चित्रफिती आहेत. रंग उलट जास्त चांगले दिसतात. ही खोली रिकामी होईल, ती कुणाला तरी वापरायला देता येईल." परीक्षकांनी प्रयोगशाळेबद्दल चार ओळींचा अहवाल द्यायचा असतो. त्या चार ओळींवर खोलीचं ठरणार होतं.

उन्हाळ्यात पलीकडच्या भागातलं एक कॉलेज विज्ञान शाखा बंद करून मोकळं झालं आणि त्यांच्या रसायनांची सहा खोकी आमच्याकडे आली. मला ती खोकी उघडताना लाज वाटत होती, मेलेल्याच्या कपाटात हात घातल्यासारखी, आणि हावही सुटली होती. भरलेल्या बाटल्या! आम्लाच्या वाफांनी लेबलं खाल्ली होती, काही सुटून तळाशी पडली होती. एका खोक्यात दोन बाटल्या शेजारी, दोन्हींत पांढरी पूड, एकीवर लेबल नाही आणि तळाशी एक सुटं लेबल: कॅल्शियम नायट्रेट. मी ते जवळच्या बाटलीला चिकटवलं. दुसरीवर लिहिलं, "अज्ञात," आणि मागच्या फळीवर ठेवली. तपासलं नाही. तपासायला एक तार, एक ज्योत, दोन थेंब लागले असते. त्या दिवशी मला त्या दोन थेंबांची कंजुषी सुचली. मुलांना उठता-बसता "बघितल्याशिवाय लिहू नका" म्हणणाऱ्या बाईनं बघितल्याशिवाय लिहिलं. हे सगळं, खोकी, लेबल, डिंकाचा वास, त्या मिनिटात माझ्यासमोरून गेलं आणि मला कळलं की मुलगी बरोबर आहे. जवळजवळ कळलं.

तिला सात नंबर मिळाला तेव्हा तिच्यापुढे काय होतं हेही मला माहीत होतं. तिचे वडील गोदामात माल उचलायची गाडी चालवायचे. गोदाम बंद झालं. तिची फी माफ आहे, पण एकाही विषयात नापास व्हायचं नाही या अटीवर, आणि प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे धरतात. क्षार ओळखता आला नाही तर प्रात्यक्षिक जातं. ते गेलं की माफी जाते, आणि माफी गेली की ती. एवढं साधं होतं ते. आणि तिच्याकडे यादी होती. सगळ्यांकडे असते: मी नवे क्षार आणू शकत नाही म्हणून आकडे बदलत नाही, आणि वरच्या वर्गातली मुलं जाताना खालच्यांना सांगून जातात, एकमध्ये शिसं, चारमध्ये जस्त, सातमध्ये कॅल्शियम. मला ठाऊक आहे, आणि मी डोळेझाक करते, कारण बहुतेक जण यादी खिशात ठेवूनही दिवा लावतात. तिनंही लावला होता. यादी एक सांगत होती आणि ज्योत दुसरं, आणि सगळं पणाला लागलेलं असताना तिनं ज्योतीचं लिहिलं. मी तिच्या वयाची असताना उलटं केलं होतं आणि मला पैकीच्या पैकी पडले होते.

एवढ्यात विभागप्रमुख आत आले. दारात उभं राहून त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. माझ्याजवळ येऊन, कपाटातलं काही विचारल्यासारखं करून, ते खालच्या आवाजात म्हणाले, "सूची बरोबर आहे म्हणून सांगा. मुलीचं नंतर बघू." मी फडकं पिळत राहिले. "बाई, परीक्षेत चूक निघाली की वर कळवावं लागतं. तुमचं पुढच्या वर्षाचं पत्र माझ्या टेबलावर आहे, सही व्हायचीय अजून. मी आपलं तुमच्यासाठी सांगतोय." ते खरंच माझ्यासाठी सांगत होते. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. मी फडकं टेबलावर ठेवलं, हात कोरडे केले.

"सर," मी परीक्षकांना म्हणाले, "सातमध्ये काय आहे ते मला माहीत नाही."

विभागप्रमुखांनी घसा खाकरला.

"माहीत नाही म्हणजे?" परीक्षकांनी विचारलं.

"बाटलीचं लेबल सुटलं होतं. मी ते अंदाजानं लावलं, तपासलं नाही. तुमच्याकडे माझी सूची आहे, त्यामुळे तुम्हीही तपासलेलं नाही. हिनं तपासलंय. आपल्या तिघांत तपासलेली ही एकटीच आहे."

परीक्षकांनी खुर्ची मागे सारली. तिच्या पायांनी फरशीवर लांब ओरखडा काढल्यासारखा आवाज झाला. "आणा दिवा," ते म्हणाले. मुलगी आपलाच दिवा घेऊन आली, दौतीचा, काजळलेला. परीक्षकांनी तार हातात घेतली आणि ते स्वतःशीच म्हणाले, "किती वर्षं झाली कोण जाणे." तारेचं टोक आम्लात, मग पुडीत, मग ज्योतीच्या कडेला. पिवळट ज्योत क्षणभर तशीच राहिली आणि मग तिच्या अंगातून लाल फुटला. ते पुढे वाकले. मी निळी काच पुढे केली. कॅल्शियम असतं तर काचेतून हिरवट दिसलं असतं. "जांभळा," परीक्षक म्हणाले, आणि चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "जांभळाच आहे." मुलगी त्यांना मदत करायला हात पुढे करत होती आणि मागे घेत होती. "सर, ज्योत पुरेशी वाटत नसेल तर थेंब पण आहे," ती म्हणाली. "अमोनियम सल्फेटचा. कॅल्शियम पातळ द्रावणात तसंच राहतं, स्ट्रॉन्शियम खाली बसतं. पण जरा थांबावं लागतं. सगळे लगेच पुसून टाकतात ना, म्हणून चुकतं." तिनं फरशीच्या तुकड्यावर थेंब टाकला, त्यावर दुसरा, आणि तुकडा दिव्यावर क्षणभर धरून त्यांच्यापुढे काळ्या कागदावर ठेवला. आम्ही चौघंही वाकून त्या थेंबाकडे पाहत होतो. विभागप्रमुखांच्या श्वासाचा आवाज माझ्या कानाशी येत होता. थेंब स्वच्छ होता. अजून स्वच्छ होता. मला वाटलं, मी उगाच बोलले. मग त्याच्या कडेला धुकं आलं, आत सरकलं, आणि पूर्ण थेंब दुधाचा झाला.

"अरे वा," परीक्षक म्हणाले. त्यांचा बसलेला घसा एकदम सुटला. "अरे वा! हा आठवड्यातला माझा पाचवा वर्ग आहे. चार ठिकाणी पुड्यांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. मी फुल्या आणि बरोबरच्या खुणा करत आलो, कागदावर कागद." त्यांनी तिचा कागद ओढला, लाल फुलीवर आडवी रेघ मारली, शेजारी पूर्ण गुण लिहिले आणि सही केली, इतकी जोरात की पेनचं टोक कागदात रुतलं. मुलीनं खाली पाहिलं. तिचे कान लाल झाले होते, आणि माझ्या मनात आलं, हा कुठला, आणि मला हसू आवरेना.

"आता सात नंबर आणखी कुणाकुणाला होता?" परीक्षकांनी विचारलं. चार हात वर आले, अर्धवट. चौघांच्याही कागदावर कॅल्शियम होतं, ज्योत वीटकरी, अमोनियम सल्फेटनं बदल नाही, सगळं सुवाच्य अक्षरात. त्यातला एक उंच मुलगा उठला. "सर, पण सात म्हणजे कॅल्शियमच असतं!" "कुठं असतं?" मुलाचा हात खिशाकडे गेला. त्याच्या शेजारचा म्हणाला, "खिशात असतं त्याच्या," आणि सगळा वर्ग हसला, तो उंचसुद्धा. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं आता ते चौघांना शून्य देतील, नियमानं त्यांना तसं करता आलं असतं. "पाऊण तास आहे," ते म्हणाले. "चुकीची सूची होती, म्हणून संधी. नवीन कागद घ्या. दिवे लावा. जे दिसेल ते लिहा, आणि दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिहा, मला चालेल." मग वळून विभागप्रमुखांना, "तुमची हरकत?" विभागप्रमुखांनी मान हलवली, नाही अशा अर्थी, आणि मग का कोण जाणे, स्वतः जाऊन खिडक्यांचे पडदे ओढले, उजेड कमी झाला की ज्योतीचा रंग उठून दिसतो म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवे लागले. मग ज्यांचे नंबर वेगळे होते तेही उठून आले, नियमात बसत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही. अर्धवट अंधारात एकामागून एक तारा ज्योतीत गेल्या आणि चारी टेबलांवर तो लाल उघडला. "आयला," उंच मुलगा म्हणाला, आणि जीभ चावली. "हा लाल आहे? मग मी आतापर्यंत लाल काय समजत होतो?" शंकासूर त्याच्या खांद्यामागे उभी होती. "घाई करू नकोस," ती त्याला म्हणत होती, "तार धू आधी. आधीच्या पुडीचं लागलं असेल तिला." त्यानं मुकाट्यानं तार धुतली. विभागप्रमुखांच्या हातात निळी काच होती. ती त्यांनी डोळ्याला लावली, आणि बघून झाल्यावरही काढली नाही. "किती वेळ टिकतो हा?" त्यांनी मला विचारलं. "पूड असेपर्यंत," मी म्हणाले. "आणखी आहे?" "बाटलीभर आहे सर. आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच." ते हसले नाहीत, पण काचही परत दिली नाही. पुढच्या वर्षाच्या पत्राचं काय होईल हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मी पाहायचा प्रयत्नही सोडून दिला. मुलांचे चेहरे खालून उजळले होते, लालसर, ओळखीचे आणि अनोळखी, आणि त्यांच्यातल्या एकालाही त्या क्षणी कुणी फसवू शकलं नसतं.

पाऊण तासानं परीक्षकांनी कागद गोळा केले. चौघांनी स्ट्रॉन्शियम लिहिलं होतं. एकानं खाली, "आधी न बघता लिहिलं होतं, माफ करा," अशी ओळ जोडली होती, तिला त्यांनी गुण दिले नाहीत पण ती खोडलीही नाही. मग त्यांनी अहवाल बाहेर काढला. प्रयोगशाळेच्या चार ओळींच्या जागेत ते लिहू लागले आणि ओळी पुरल्या नाहीत, तेव्हा कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. शेवटी त्यांनी दुसरा एक छापील कागद माझ्यासमोर सरकवला. उत्तरसूचीत दुरुस्ती झाली की तो भरावा लागतो. मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. मूळ उत्तर, दुरुस्त उत्तर, जबाबदार व्यक्ती, सही. मी माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली. सर्वांत खाली एक रकाना होता: चूक कशी लक्षात आली? परीक्षक म्हणाले, "तिथं काहीही लिहा, तो कुणी वाचत नाही." मी थोडा वेळ विचार केला. मग माझ्या सुंदर अक्षरात, अगदी सावकाश, लिहिलं: विद्यार्थिनीने बघितले.